दारावरची कॅप्सूल

मॅडमनी पेनाच्या टोकानं माझी हनुवटी वर उचलली.

बोटानं नाही. पेनानं. बाजारात शेळीचे दात बघतात, तिथं तरी माणूस तिला हात लावतो.

"मावशी, हे काय पिकवलंय तोंडावर? आमच्या बागेपेक्षा तुझ्याकडं माल जास्त दिसतोय."

मागं बायांची रांग. सगळ्या हसल्या. आणि खरं सांगते, सगळ्यात मोठ्यानं मीच हसले. माझी खोडच ती. घरात कुणाचं बिनसलं की मी स्वतःवर एक विनोद करायचा आणि वेळ मारून न्यायची. नवरा म्हणतो, हिला फाशी दिली तर दोराची चेष्टा करील. त्या सकाळी मी म्हणाले, "मॅडम, हाही माल एक्स्पोर्टला पाठवा की." परत हशा.

मॅडम हसल्या नाहीत. पेन माझ्या ॲप्रनला पुसलं. म्हणाल्या, "तुमच्या डोंगरात साबण पोचला नाही का अजून? पू आहे हा. ह्या तोंडानं द्राक्षाला हात लावायचा नाही."

मॅडम तिथल्या सुपरवायझर, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. मी मावशी. मावशीला अगं-तुगं.

नाशिकहून दिंडोरीच्या अंगाला हे द्राक्षाचं पॅकहाऊस. परदेशी जाणारा माल. आम्ही मूळचे पेठकडच्या पाड्यावरचे, भात-नागलीवाले. लग्नानंतर नाशकात पेठ रोडला दोन खोल्यांत आलो. हंगामात पहाटे पिकअप यायची, त्यात उभ्यानं जायचं. दिवसभर कात्रीनं घडातले खराब मणी काढायचे, घड डबीत बसवायचा. आत जाताना दारावर तपासणी. आधी हात, मग नखं, मग तोंड.

नियम वाईट होता असं मी म्हणणार नाही. तो घड कुणाच्या तरी पोटात जाणार. मलाही कळतं. पण तोंडाला पट्टी, डोक्याला टोपी, आत घाम. पट्टीचं रबर जिथं घासायचं तिथंच गालाच्या कडेनं मुरमं उठायची. ती कामानंच दिलेली. पेपरात त्याला तारुण्यपीटिका म्हणतात. मी एकोणचाळीसची. तारुण्य कधीच निघून गेलं होतं, पीटिका पत्ता शोधत मागून आल्या.

मॅडमनी टेबलाच्या खणातून प्लॅस्टिकची पांढरी बरणी काढली. आत सुट्या कॅप्सूल. अर्धी हिरवी, अर्धी पिवळी.

"रोज एक. इथंच माझ्यासमोर गिळायची. जीभ बाहेर काढून दाखव."

मी विचारलं, "कसली गोळी आहे, मॅडम?"

"तोंडाची."

दारावर पाणी नव्हतं. पाणी आत, कूलरला. पण आत बाया पाणी पीतच नसत. पाणी प्यायलं की संडासला जावं लागतं. संडासला जायचं तर टोपी, पट्टी, मोजे, ॲप्रन सगळं काढा, परत चढवा, परत तपासणी, परत मॅडमचं तोंड. त्यापेक्षा तहान परवडली. मी थुंकीवर कॅप्सूल गिळली. जीभ काढून दाखवली. एकोणचाळीस वर्षांची बाई, दोन लेकरांची आई, दारात उभी राहून जीभ दाखवतेय. मागच्या बाया आता हसत नव्हत्या. आपला नंबर किती लांब आहे ते बघत होत्या.

आठवड्याभरात आणखी सात-आठ जणी जीभ काढायला लागल्या. सुमन नावाची माझ्या पाड्याकडची एक होती. तिला तिसरा महिना. तिनंही काढली. तिला कुणी काही विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं.

खोटं कशाला बोलू? माझी मुरमं बसली. तीन-चार आठवड्यांत गाल सपाट. नवरा म्हणाला, "अगं, दिसायला लागलीस की." इतकी वर्षं काय दिसत नव्हते देव जाणे. पण बाकीचंही सुरू झालं. गोळी रिकाम्या पोटी गेली की मळमळ. पिकअपची वाट बघत उन्हात जरा उभं राहिलं की नाक, कान, हाताचा मागचा भाग तव्यावर धरल्यासारखा लाल. आणि बायांच्यात कुजबुज. अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते, तुला होतं का गं? मला बी. कुणाला सांगायचं? मॅडमला? "लय उष्ण हाय ती गोळी," एवढंच ठरलं. उष्ण म्हटलं की आमच्यात विषय संपतो.

नाव कुणी विचारलं नाही. मीही नाही. तोंडाची गोळी. बस.

मग काजल कामाला आली. माझी थोरली. बारावी झालेली, सतरा संपून अठरावं लागलेलं. तिच्या कपाळावर, गालावर ह्या वयात यायची तशी मुरमं. दाराशी तिलाही पेन लागलं. मी मागं उभी होते. पोरीची हनुवटी वर गेली आणि तिचे डोळे खाली गेले, ते मी पाहिलं.

मॅडम म्हणाल्या, "शिकलेली आहेस ना? तोंड साफ कर आधी. मग लेबलला बसवते तुला. कॉम्प्युटरवर. एसीत."

घरी येईपर्यंत काजलच्या तोंडी तेवढंच. "आई, लेबलला बसवणारेत."

आता माझं शहाणपण ऐका. माझं तोंड तर साफ झालं होतं. मग माझी गोळी वाया कशाला घालवायची? मी ती दारावर गालात धरायला लागले. जीभ काढून दाखवायची, वळायचं, आणि गोळी हळूच रुमालात. संध्याकाळी परतीच्या पिकअपमध्ये ती काजलला. सकाळची तिची एक, संध्याकाळची माझी एक. एकीनं माझं आवरलं, तर दोनांनी हिचं लवकर आवरेल. भाजीत मीठ जास्त पडलं तर वाया जाते, हे मला कळतं. हे नाही कळलं. चिमणी पिल्लाला चोचीतलं भरवते तशी मी. फार मोठी माऊली.

ती गोळी माझ्या थुंकीनं चिकट झालेली असायची. पोरगी ती तशीच, बिनपाण्याची गिळायची. आणि दमून माझ्या मांडीवर आडवी व्हायची. मी तिच्या केसांतून हात फिरवायची. रोज. पाऊण तास.

पंधरा-वीस दिवसांनी ती भाकरी वरणात कुस्करून खायला लागली. मी म्हणाले, "म्हातारी झालीस का गं?" ती हसली नाही.

"आई, घास अडकतो. इथं." छातीच्या मधोमध बोट.

"पित्त असेल. जिरं चाव."

मग भाकरी सुटली. पेज राहिली. मग पेज पितानाही डोळे मिटायला लागली. पाण्याचा घोट घ्यायची आणि मूठ आवळायची. गाल मात्र साफ होत चालले होते. दाराशी मॅडम म्हणाल्या, "बघ, किती गोड दिसतेस. पुढच्या आठवड्यात लेबल." मी मान डोलावली. पोरीचं तोंड बघत होते मी. गळ्याकडं बघितलं नाही.

एका रविवारी सकाळी बघते तर काजल मोरीपाशी बसलेली. थुंकी गिळता येईना. हातात रुमाल, त्यात नुसती लाळ. "आई, आत निखारा ठेवलाय." बोलताना रडायलाही घाबरत होती. रडलं की गिळावं लागतं.

सरकारी दवाखान्यात नेली. तिथली डॉक्टर पोरसवदाच. दाखल करून घेतली, सलाईन लावलं. मग मला विचारलं, "कुठली औषधं घेत होती?"

"तोंडाची गोळी."

"नाव?"

"अर्धी हिरवी, अर्धी पिवळी."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "किती दिवस?"

"ती दीड महिना. त्याआधी दीड महिना मी."

"तीन महिने दोघी खाताय आणि नाव माहीत नाही?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी सवयीनं काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं. निघाला नाही.

"मला वाटतंय ते असेल, तर अन्ननळीला आतून जखम झाली असणार," ती म्हणाली. "काही गोळ्या कोरड्या गिळून लगेच आडवं झालं की तिथंच चिकटतात. उद्या दुर्बीण घालून बघू. पण मला नाव पाहिजे. घेऊन या."

सोमवारी नवऱ्याला पोरीपाशी बसवून मी पॅकहाऊसला गेले. एसटीनं. दुपार. मॅडम त्यांच्या काचेच्या केबिनमध्ये. मी सगळं सांगितलं. म्हणाले, "तेवढं गोळीचं नाव लिहून द्या. डॉक्टर थांबल्यात."

मॅडम उठून बाहेर गेल्या. कुणाला तरी फोन लावला. मी उभी. केबिनच्या भिंतीवर मोठा तक्ता होता. इतके दिवस काचेबाहेरून दिसायचा, वाचला आज. बागेवर मारलेल्या औषधांचा तक्ता. औषधाचं नाव. किती मारलं. कधी मारलं. कुणी मारलं. तोडणीआधी किती दिवस बंद. खाली सही. द्राक्षात औषधाचा अंश राहायला नको म्हणून. एकेका प्लॉटची एकेक ओळ. सुंदर अक्षर.

मॅडम आत आल्या त्या कागद घेऊन. आवाज मऊ. पहिल्यांदाच अहो-जाहो.

"मावशी, नाव देते. काही प्रॉब्लेम नाही. आधी इथं सही करा."

मी दहावी पास आहे. मॅडमना ते कधी वाटलं नसावं. मी वाचलं. 'सदर मुलीने घरून आणलेली औषधे घेतल्याने तिची प्रकृती बिघडली. आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही.'

आणि मी पेन हातात घेतलं. लपवत नाही. घेतलं. कारण वाटलं, खरंच आहे की. रोजची दुसरी गोळी कुणी दिली? मी. चिकट करून कुणी दिली? मी. मांडीवर निजवलं कुणी? मी. माझी पोर तिकडं लाळ गिळू शकत नव्हती आणि ह्या कागदातला गुन्हेगार मला ओळखीचा वाटत होता. सही केली की नाव मिळतंय. दोन मिनिटांचं काम.

"करा ना," मॅडम म्हणाल्या. "बसमध्ये वेळ जाईल. पोरगी वाट बघत असेल."

पोरगी. तिच्या तोंडून तो शब्द आला आणि माझ्या डोक्यात काहीतरी थंड झालं. वर तक्ता होता. एका घडाला नाव, तारीख, सही. माझ्या पोरीच्या घशात जी गेली तिचं नाव विकत घ्यायला माझी सही.

मी पेन टेबलावर ठेवलं. "नाव द्या."

"सही."

मी केबिनमधून निघाले आणि सरळ हॉलमध्ये शिरले. टोपी नाही. पट्टी नाही. पायात रस्त्याच्या चपला. त्या हॉलमध्ये मी उघड्या तोंडानं कधी गेले नव्हते. फार गार हवा लागली गालांना. दोन्ही बाजूंना बाया, हातात कात्र्या, समोर घड. कात्र्या थांबल्या.

"मावशी! बाहेर हो! लॉट बाद होईल सगळा! अगं, अक्कल आहे का तुला?"

अहो-जाहो संपलं होतं.

हॉलच्या टोकाला प्रथमोपचाराचं कपाट. कुलूप नव्हतं. आमच्यापैकी कुणी ते उघडील असं कुणाच्या मनात आलं नसणार. पट्ट्या, कापूस, आणि खाली खोकं. खोक्यात गोळ्यांच्या पाकिटांचा गठ्ठा. सोलून बरणीत भरायच्या आधीच्या. अर्धी हिरवी, अर्धी पिवळी. मागं नाव.

मी मोठ्यानं वाचलं. अडखळत. "डॉक्सी... साय... क्लिन."

पुन्हा वाचलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

सुमन तिसऱ्या टेबलाला होती. तिनं पट्टी खाली ओढली. "ताई, पोटातल्याला चालती का गं ही?"

मला माहीत नव्हतं. मॅडमला माहीत होतं का, ते त्यांच्या तोंडावरून कळेना. त्यांनी वॉचमनला हाक मारली.

मी एक पाकीट घेऊन निघाले. वॉचमननं दंड धरला, मी हिसकला. एसटी गाठली.

दुर्बीण घातली. नळीत दोन जखमा, समोरासमोर. डॉक्टरनं कागदावर चित्र काढून दाखवलं. ही गोळी भरपूर पाण्यासोबत घ्यायची, घेतल्यावर अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही. ऊन टाळायचं. पोटुशीनं घ्यायची नाही. आणि ती डॉक्टरनं माणूस बघून, दिवस ठरवून द्यायची असते, बरणीतून वाटायची नसते. मी प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. प्रत्येक वाक्य उलटं करून आम्ही जगलो होतो.

काजल आता पातळ खाते. जखमा भरतायत म्हणतात. जागा आवळली तर पुन्हा दुर्बीण. मुरमंही परत येतायत, तिची आणि माझी. सुमनला मी दुसऱ्याच दिवशी त्या डॉक्टरकडं नेलं. तिच्या तपासण्या चालल्यात, तिचं मूल अजून पोटात आहे. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

काम गेलं. माझं गेलं, काजलचं गेलं. लेबलला दुसरी पोर बसली. बाया म्हणतात, तुझ्यापायी आमच्यावर नजर वाढली. एक तर रस्त्यात तोंडावर म्हणाली, "तुला लय पुढारपण आलंय. आमची रोजी घालवशील." ती चुकीचं बोलत नाही. घालवूही शकेन.

तरी मी अर्ज लिहिलाय. कामगारांच्या ऑफिसात आणि औषधांच्या ऑफिसात, दोन्हीकडं. पहिल्या ठिकाणी साहेबानं विचारलं, "दुसरी गोळी कुणी दिली?" मी म्हणाले, "मी." तो म्हणाला, "मग केस कमजोर होते, बाई. ते वाक्य काढा." मी काढलं नाही. ते वाक्य राहणार. मी दिली, हे मी कुठंही सांगेन. पोरीसमोर, साहेबासमोर, चारचौघांत. घरून आणली, हे कुणाच्या बापासाठी लिहिणार नाही.