तुपाचा वास

आमच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेला त्या वर्षी खेड्यापाड्यांपर्यंत पोचायचं होतं आणि परदेशी डॉक्टरांबरोबर कामही करायचं होतं. दोन्ही एकाच शिबिरात उरकायचं म्हणून दुभंगलेल्या ओठांची मुलं नेसरीकडच्या खेड्यांतून ऑपरेशनसाठी कोल्हापूरला आणली होती. आयोजकांनी फलकासमोर हौसेनं फोटो काढले. आईबापांना मात्र ‘पोरं उपाशी ठेवा’ एवढंच सांगितलं आणि झालं यांचं काम!

पहिल्या मुलीच्या तोंडाशी मी मास्क नेला आणि मला तुपाचा वास आला. भरल्या पोटी भूल दिली की पोटातलं वर येऊन फुफ्फुसात उतरतं. त्यात जीवही जातो.

मास्क नर्सच्या हातात देऊन मी बाहेर धावलो. दारातच मुलीची आत्या उभी होती.

“हिला काय खायला घातलंत?” मी ओरडलो.

“खायला कशाला घालीन? उपाशीच हाय की पोरगी. देवाला शिरा केलता, त्यातला वाईच परसाद दिला. परसादाला न्हाय म्हणत्यात व्हय, डॉक्टर?”

“फक्त हिलाच दिला ना?”

“एकटीला कसा द्यायचा? सगळ्या लेकरांस्नी दिला की.”

मी वळून काचेतून आत पाहिलं. शेजारच्या टेबलावर परदेशी पाहुण्या डॉक्टरांनी एका मुलाला नुकतीच भूल दिली होती.

तो मुलगा पुढे सुखरूप घरी गेला. पण भीती म्हटलं की मला अजून तेच दिसतं: माझ्याकडे बघून हसणारे ते डॉक्टर, आणि त्यांनी खुशीत वर केलेला अंगठा.