टोपी ऱ्हायली

आमच्याकडची रीत कुठं लिहून ठेवलेली नाही. ती चार माणसांच्या तोंडात असते आणि तिच्या बाजूनं बोलायला त्यांच्यापाशी एकच वाक्य असतं, "असं कदी झालंय का?" लहानपणापासून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की कुणी ते उच्चारलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

मी जेमतेम चालायला लागले होते तेव्हा आई गेली. मुरबाडकडच्या आमच्या गावात वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि मला आईच्या धाकट्या बहिणीकडं, भातसानगरला पोचवलं. मावशीला तिच्या नवऱ्यानं टाकलं होतं. धरणाच्या कॉलनीत ती साहेब लोकांच्या घरी पोळ्या लाटायची. आम्ही तांदळाची भाकरी खाणारी माणसं. पोळी ती कामापुरती शिकली आणि शेवटपर्यंत तिला ती काही आवडली नाही. त्या न आवडणाऱ्या पोळ्यांवर तिनं मला वाढवलं, शिकवलं.

आईला सख्खा भाऊ नव्हता. एक चुलत भाऊ होता, कल्याणकडं वीटभट्टीचा धंदा करणारा. आई गेली तेव्हा तो दहाव्याला आला, जेवला आणि गेला. त्यानंतर जो उगवला तो थेट माझ्या लग्नात, कडक इस्त्रीचा सदरा घालून, मामा म्हणून.

लग्न नव्वदच्या दशकातलं, वडिलांच्या दारात, भर उन्हाळ्यातल्या दुपारचं. आमच्यात नवरीला तिचा मामा मांडवात आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. सकाळी वडील म्हणाले, "मामा आलाय, काळजी मिटली." मी म्हटलं, मला मावशी आणेल. ते हसले. मी चेष्टा करतेय असं त्यांना वाटलं. मग समजावायला लागले. बाईमाणूस मामाच्या जागी कसं उभं राहणार? त्यात ही टाकलेली. अक्षता पडताना आपण पुढं येऊ नये एवढं तिलासुद्धा कळतं, तुला कसं कळत नाय? "असं कदी झालंय का?"

तिला कळत होतं, हे खरं. तिनं स्वतःच सकाळपासून घरामागच्या चुलाणाचा ताबा घेतला होता. वरणात मीठ किती, भात कधी उतरवायचा, हे ती मोठमोठ्यानं सांगत होती. म्हणजे मांडवात का दिसत नाही असं कुणी विचारायला नको. मला त्या आवाजाचा भयंकर राग येत होता. रीत ज्याला बाजूला सारते, तोच माणूस आधी उठून तिला जागा करून देतो, हे मला सहन होत नव्हतं.

भटजींनी हाक दिली, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं." चुलत मामा खोलीच्या दारात आला. "चल गो," म्हणाला.

मी पाटावर बसून राहिले. "मावशी न्यायला येईल तेव्हा उठेन."

वडील धावत आत आले. आधी विनवलं, मग दात-ओठ खाल्ले. "वऱ्हाड माघारी गेलं म्हंजे?"

"जाऊ दे."

म्हटलं खरं, पण लग्न मोडलेल्या मुलीचं पुढं काय होतं ते मला कुणी सांगायला नको होतं. टाकलेल्या बाईच्या घरात वाढले होते मी.

शेवटी मावशीलाच बोलावून आणलं, माझी समजूत घालायला. ती तशीच आली, हातात वरणाचा डाव, कपाळावर राख. "ऊठ गो बाय," ती म्हणाली, "माझ्यापायी तुझं वाटोळं नको."

"तू ने, नाय तर मी बसते."

"मार खाशील."

"मार."

तिनं खरंच हात उगारला. तो तसाच वर राहिला आणि तिला रडू फुटलं. मलाही फुटलं. दोघीही तिथल्या तिथं, हटत कुणीच नव्हतं.

सोडवलं ते भटजींनी. ते बाहेरून ओरडले, "अहो, मामा आणा नाहीतर मावशी आणा, पण आणा! मला मुरबाडला दुसरं लग्न आहे, जीप थांबलीय." जीपवाल्यानं हॉर्न दिला. आजे-पणजे सांभाळत आले ती रीत त्या हॉर्नपुढं गुमान गप्प बसली. तेव्हापासून मी रीतीला भिणं सोडून दिलं.

मावशीनं डोळे पुसले, पदर खोचला, वरणाचा डाव चुलत मामाच्या हातात दिला आणि मला घेऊन निघाली. मांडवात ती माझ्या पाठीशी उभी राहिली तेव्हा तिच्या लुगड्याला धुराचा वास येत होता. मंगलाष्टकं मला ऐकूच आली नाहीत, मी तिचा श्वास ऐकत होते.

मग मानपान सुरू झाला. आमच्याकडं एकेका मानकऱ्याला माइकवरून पुकारतात आणि टॉवेल, टोपी, नारळ देतात. बायकांना खण, तोही न पुकारता. माइकवर शाळेचे मास्तर होते. "नवरीचे मामा..." म्हणाले आणि अडखळले. चुलत मामा सदरा झटकत उठायला लागला. त्याच्याआधी मावशी उठली. मी तिला सांगितलं नव्हतं, साधी खूणही केली नव्हती. मीच बघत राहिले.

नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्यानं तिच्या हातात टॉवेल ठेवला, त्यावर नारळ ठेवला आणि टोपी हळूच पिशवीत सरकवली. मावशी जागची हलली नाही.

"टोपी ऱ्हायली," ती म्हणाली.

माइक जवळच होता, सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. पोरं फिदीफिदी हसली, बायकांनी तोंडाला पदर लावले. म्हाताऱ्यानं पिशवीतनं टोपी काढून पुढं केली. तिनं ती पदरावरूनच डोक्यावर चढवली, दोन्ही हातांनी नीट बसवली आणि पुरुषांच्या पहिल्या पंगतीत जाऊन जेवायला बसली. आयुष्यात मला कुणाचा इतका अभिमान वाटलेला नाही.

पुढं त्या टोपीनं काय काय केलं ते सासरी ऐकत होते. सासऱ्यांचा पाय मोडला, तो टोपीनं. म्हैस आटली, ती टोपीनं. मला पहिली मुलगी झाली, ती तर टोपीनंच. मावशी मात्र उन्हातनं कामाला जाताना ती टोपी घालायची, पार विटकी होईस्तोवर घातली. कुणी विचारलं तर सांगायची, "मानाची हाय."

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी ती गेली. भातसानगरला तिच्या खोलीसमोर माणसं जमली. तिरडी बांधून झाली आणि पुढं मडकं कोण धरणार यावर घोळ सुरू झाला. पुरुषमाणूस पाहिजे होतं. काठी टेकत चुलत मामा पुढं आला. एवढ्या वर्षांत तो तिच्या दारात पहिल्यांदाच आला होता.

"मी धरणार," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग जमलेल्या माणसांकडं बघितलं. सगळ्यांच्या वतीनं म्हणाला, "असं कदी झालंय का गो?"

"झालंय," मी म्हटलं. "माझ्या लग्नात."

आणि विस्तवाचं मडकं उचलून पुढं चालायला लागले.