देवस्थळीकाकांचा संशय आणि विस्कॉन्सिनचा कागद

श्री. अविनाश देवस्थळी यांची आणि माझी पहिली भेट जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात झाली. आम्ही नुकतेच पुण्याहून आलो होतो आणि मी एखादा बरा दिवा शोधत होते. एका टेबलापाशी एक गृहस्थ पिवळट कागद उन्हात धरून निरखत होते, मग त्याला नाक लावून हुंगत होते, आणि पुटपुटत होते, "लबाडी आहे, शुद्ध लबाडी!" परमुलखात मराठी कानावर पडल्याच्या आनंदात मी "नमस्कार!" म्हटलं. त्यांनी कागद पाठीमागे लपवला आणि विचारलं, "तुम्हाला कोणी पाठवलं?"

अशा माणसाच्या साठीनिमित्त गौरवलेख लिहायचा आहे, आणि इथल्या मराठी मंडळाची सूचना आहे की स्वभावाबद्दल गोड लिहा. आता संशयाबद्दल गोड काय लिहायचं, कप्पाळ! पण लिहिते.

काका मोटारींच्या कारखान्यात सुटे भाग तपासतात. आठवडाभर भाग नापास करायचे आणि शनिवारी कागद नापास करायचे, असा त्यांचा क्रम आहे. एकोणिसाव्या शतकात या भागातली अनेक कुटुंबं अमेरिकेत गेली. तिथल्या सरकारने सरहद्दीवर वस्ती करणाऱ्यांना जमिनी दिल्या आणि तशी पत्रं करून दिली. काही जण कंटाळून परत आले, त्यांच्याबरोबर ती पत्रंही आली आणि इथल्या माळ्यांवर पडून राहिली. काका ती जमवतात. हा कागद इथे आला कसा, होता कुणाच्या घरी आणि आत्ताच विकायला का निघाला, याची उत्तरं मिळाल्याशिवाय ते कागदाला हात लावत नाहीत. एकदा एका विक्रेत्याने "खुद्द राष्ट्राध्यक्षांची सही" म्हणून एक पत्र पुढे केलं. काका म्हणाले, "आल्झो, म्हणजे असं बघा, एवढ्या ढिगावर सह्या करत बसायला अध्यक्षांना दुसरा उद्योग नव्हता? कारकून करायचे त्यांच्या नावाने." विक्रेत्याने पत्र मुकाट्याने आत ठेवलं.

आपल्या लोकांनाही सूट नाही. गणपतीच्या जेवणात कोणी "आमच्या घराण्याला पेशव्यांची सनद आहे" म्हणालं, की श्रीखंड वाढता वाढता काका थांबणार. "पाहिलीत तुम्ही?" "नाही, आजोबा सांगायचे." "आजोबांनी पाहिली होती?" पाहुण्याची वाटी तशीच रिकामी! पण त्यांचा सगळ्यात मोठा संशय आहे तो त्या अमेरिकन जमिनींबद्दल सर्रास वापरल्या जाणाऱ्या "रिकामी जमीन" या शब्दांवर. ते म्हणतात, "आपल्या सनदेत पाणी, झाडं, गवत, दगड, पुरलेलं धनसुद्धा लिहितात. या पत्रांत नुसते मोजणीच्या चौकोनी तुकड्यांचे आकडे. तिथे आधी राहणारी माणसं कुठे गेली?" प्रत्येक कागदाखाली ते त्या मुलखाच्या मूळ रहिवाशांचं नाव शोधून लिहितात, आणि सापडलं नाही तर तशी कबुली लिहितात. आमचा मीटफेरत्राग, म्हणजे घराचा भाडेकरारही त्यांनी अशाच नजरेने वाचला होता. त्यातलं एक कलम त्यांनी घरमालकाला स्वतःच्या हाताने खोडायला लावलं, म्हणून आम्ही अजून त्या घरात सुखाने राहतो आहोत.

आता खरी गोष्ट सांगते. जवळच्या खेड्यात फ्राऊ (म्हणजे श्रीमती) ल्यूडर्स नावाच्या वृद्ध बाई राहतात. त्यांच्या आजोबांचे भाऊ अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनहून परत आले, ते जमिनीचं पत्र घेऊनच. ते पत्र बाईंच्या बैठकीत चौकटीत होतं. गावच्या छोट्या संग्रहालयाने काकांच्या संग्रहाचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा बाईंच्या पत्राची नक्कल तिथे लागली. बाईंच्या पुतण्याने ती पाहिली, घरी जाऊन बघतो तर चौकट रिकामी. चुलतीला विचारलं तर चुलती गप्प. झालं! त्याने गावभर केलं की अस्सल कागद भारतीय माणसाने लांबवला.

बातमी मंडळात पोचायला कितीसा वेळ लागतो? ज्यांच्या सनदा काकांनी श्रीखंडावर उलटतपासल्या होत्या, त्यांना तर पर्वणीच मिळाली. "एवढे कागद जमले कसे, आम्हाला वाटायचंच," असे फोन सुरू झाले. मीही काकांना तोंडावर विचारलं, "काका, अस्सल कुठे आहे?"

"शंका आली ना? आलीच पाहिजे," ते म्हणाले. मग कपाटांच्या किल्ल्या शोधू लागले. सुलभाकाकू रडकुंडीला आल्या. "अहो, बोला ना काहीतरी! उद्या पोलीस आले दारात तर?" काकांनी कपाटं उघडून ठेवली आणि पुतण्याला निरोप पाठवला की येऊन झडती घ्या. त्याने घेतली. मिळालं काहीच नाही, तरी त्याचा संशय वाढलाच.

शेवटी संग्रहालयात सगळे जमले. पुतण्याने बजावलं, सोमवारी पोलिसांत तक्रार. काका हात मागे बांधून उभे होते. चेहरा पांढरा पडला होता, मला बघवेना. मंडळाचे दोघे खिडकीबाहेर बघत होते.

तेवढ्यात खुर्चीवरून फ्राऊ ल्यूडर्स उठल्या. "गेनुग! पुरे झालं," त्या पुतण्याला म्हणाल्या. "कागद मी लपवलाय. तुझ्यापासून. माझ्या नवऱ्याचं घड्याळ तू मला न विचारता विकलंस, हाही विकला असतास. कुठे ठेवलाय ते मला आणि या देवस्थळींना माहीत आहे. कुणाला सांगू नका, असं मीच त्यांना म्हटलं होतं. पण पोलीस यायची वेळ आली तरी हा माणूस गप्प बसेल, असं मला वाटलं नव्हतं."

परत येताना मी गाडीत भडकले. "लोक तुम्हाला चोर म्हणत होते, काका! मला तरी सांगायचं."

"तुम्हाला सांगितलं असतं, मग तुम्ही हिला सांगितलं असतं," काका म्हणाले. "बाईंना आपल्याच घरात काही लपवायला एकच जागा उरली होती हो. ती मी कशी उघड करू?" मागे काकू डोळे पुसत होत्या.

कागद अजून तिथेच आहे. पुतण्या अजून शोधतो आहे, आणि बाईंच्या घराची दुसरी किल्ली काकांपाशी असते.

काका, आपली प्रकृती उत्तम राहो, काकूंसह आपण शंभरी ओलांडा. ही काही रीत म्हणून दिलेली शुभेच्छा नव्हे, यात आमचा स्वार्थ आहे. आम्हालाही आपल्यापाशी अजून पुष्कळ काही ठेवायचं आहे.