छाती हलत होती

डॉक्टरसाहेब डिस्चार्जचा कागद लिहीत होते. मी म्हणाले, "सर, सही थांबवा."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका इस्पितळात, मुलांच्या वॉर्डात मी स्टाफ नर्स होते. शोभा पाच वर्षांची, उमरेडच्या विणकराची मुलगी. अंगावर सूज, चालली की धाप. एक्स-रेत हृदय मोठं दिसत होतं. हृदय कमजोर, औषधं द्या, घरी न्या, असं ठरलं होतं. म्हणजे काय, ते तिच्या आईला बरोबर कळलं होतं.

ताप, नाडी आणि श्वास दर चार तासांनी चार्टवर लिहायचे, हे आमचं काम. थर्मामीटर लावायला आम्ही मुलांना उठवत असू. आदल्या दिवशी दुपारी मात्र आई आडवी आली.

"झोपू द्या ना बाई तिले. आत्ताच डोया लागला."

म्हणून शोभाचा श्वास मी पहिल्यांदाच झोपेत मोजला. पोरगी मोठ्या माणसासारखी घोरत होती. मध्येच घोरणं बंद पडलं. छाती वरखाली होतच होती, म्हणून मी मोजत राहिले. तेवढ्यात आईनं तिचा खांदा हलवला. शोभानं दचकून मोठा श्वास घेतला आणि पुन्हा घोरू लागली.

"का हलवलंत?"

"रोजचंच हाय. थांबली का मी हलवतो."

"हे डॉक्टरांना सांगितलंत?"

"कोणी पुसलंच नाही. घोरणं का बिमारी असते?"

मी ड्रेसिंगच्या कापसाचा पुंजका तिच्या नाकातोंडापुढे धरला. पुढच्या वेळी घोरणं थांबलं तेव्हा छाती हलत होती, कापूस हलत नव्हता. आठ दिवस मी तिला उठवून चार्टवर श्वास चोवीस, चोवीस लिहीत होते.

डिस्चार्जची सही थांबवून हे सगळं मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं. ते चार्टवर बोट ठेवून म्हणाले, "श्वास तर नॉर्मल आहे."

"तो मीच लिहिलाय, सर, तिला उठवून. झोपेत छाती हलते, श्वास चालत नाही. दुपारी दोनला ती झोपते. स्वतः बघा."

"दोनला मी जेवतो."

"मग आज तीनला जेवा."

रागावले, पण आले. हातात घड्याळ घेऊन कापसाकडे पाहत राहिले. मग टॉर्च लावून घसा पाहिला. टॉन्सिल एकमेकांना टेकलेले. नाकाच्या मागेही तसंच मांस असतं, त्याला अॅडिनॉइड म्हणतात. तेही वाढलं असणार. झोपेत घसा सैल पडला की वाट बंद. हवा कमी पडली की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, आणि त्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय दमतं आणि फुगतं. रोग घशात होता, आम्ही हृदयाला औषध देत होतो.

टॉन्सिल आणि अॅडिनॉइड काढायचं ठरलं, पण भूल देणारे डॉक्टर तयार होईनात. म्हणाले, "या हृदयावर भूल? पोर टेबलावर जाईल."

साहेबांनी उत्तर दिलं, "आणि घशाची वाट मोकळी केली नाही, तर घरी जाईल."

तोवर मी तिला कुशीवर झोपवायची आणि प्रत्येक पाळीच्या नर्सला कापूस धरायला लावायची. औषधांनी सूज उतरली, तेव्हा कुठे भूल देणारे डॉक्टर राजी झाले. ऑपरेशन चाललं होतं तेवढा वेळ आई थिएटरच्या दाराशी उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दुपारी ती धावत माझ्याकडे आली.

"बाई, तिचा आवाज काहून नाही येऊन राहिला?"

मी पळत गेले. तोवर आईनं सवयीनं खांदा हलवलाच. शोभानं डोळे उघडले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"झोपू दे ना वं, माय."

आई मटकन खाली बसली आणि रडली. मीही रडले. काही महिन्यांनी एक्स-रे काढला, तेव्हा हृदय आकसून जवळजवळ जागेवर आलं होतं.

त्यानंतर चार्टवर मी पेननं एक जास्तीचा रकाना आखला: मूल झोपतं कसं, आईला विचारा. मेट्रननी छापील कागद खराब केल्याबद्दल जाब विचारला. मी जाब दिला आणि दुसरा कागद आखायला घेतला.