हंडा, वाटी आणि माझा जन्म

आईवडिलांच्या लग्नानंतर दोनच महिन्यांत मी जन्मलो, हे मी स्वतः गणिताने सिद्ध केले आहे. तेही बहिणीला पाहायला आलेली सारंगखेड्याची मंडळी जेवत असताना.

साठच्या दशकातली गोष्ट. मुलाचे वडील, म्हणजे बापू, सहज म्हणाले, "भाऊ, तुम्हनं वय किती शे?"

साधा माणूस एक आकडा सांगतो आणि जेवतो. मी हिशेबी! शाळेत गुरुजींनी अख्ख्या वर्गाचा जन्म एक जूनला लावलेला. (खरोखर तसे झाले असते, तर सुईणीने गाव सोडले असते!) तेव्हा अंदाज नको, पुरावा हवा.

पुरावा समोरच होता. हात धुवायच्या पितळी हंड्यावर आईवडिलांचे लग्न कोरलेले होते: वैशाख, आणि शकाचे साल. माझ्या बारशाला आत्याने सुरतेहून पाठवलेल्या चांदीच्या वाटीवर माझा जन्म: आषाढ, आणि संवताचे साल. वाटीत पाहुण्यांसाठी तूप होते. ते मी सगळे बापूंच्या ताटात ओतले आणि वाटी उलटी करून वाचली. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले, संवतातून सत्तावन्न वजा केले. दोन्हीकडे इंग्रजी साल एकच!

"वैशाखात लग्न, आषाढात मी!" मी विजयाने जाहीर केले.

बापूंच्या बायकोचा घास हातातच राहिला. "दोनच महिनामा?"

"हिशेब तर तेच सांगतो." (आईपेक्षा हिशेब मोठा!)

"चाला, उठा," ती बापूंना म्हणाली. दाराआड बहीण रडू लागली. आई उलथने घेऊनच बाहेर आली. "मेल्या! मन्ही पोरनं लगीन मोडी ऱ्हायना तू!"

वडील तेवढे शांत. "येडा, सुरतना संवत जानेवारीले नही, दिवाईले बदलस. आषाढले छप्पन वजा कर, सत्तावन नही. तू पुढला आषाढले जनमना!"

मी बोटांवर मोजले. चौदा महिने. आईची अब्रू वाचली.

तुपात बुडालेले बापू हसले. "पोर पसंद शे. पन लगननी तारीख ह्या भाऊले काढू देऊ नका!"

सगळे हसले. मीही सावरून म्हणालो, "चला, माझे वय तरी एका वर्षाने कमी झाले. मी उशिरा जन्मलो, एवढेच!"

"तू जनमना," आई म्हणाली, "तुन्ही अक्कल आजून जनमनी नही!"