पाच दिवस मोडलेलं घरटं

समस्त पुणेकर बंधुभगिनींनो, जड अंतःकरणाने जाहीर करतो की गेल्या वर्षी सलग पाच दिवस, सकाळच्या चहाच्या वेळी, मी एका होतकरू बापाचं घर मोडलं. हत्यार: चहाची गाळणी.

बाप म्हणजे निळा फायटर मासा. लेक नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि तिने पाळलेला हा मासा आमच्याकडे राहिला. घर फार शांत झालं होतं. बायकोने एक मादी आणली, टाकीत मधे काच घालून पलीकडे सोडली आणि ठरवून टाकलं: लेक दिवाळीला येईल तेव्हा टाकीत पिल्लं दिसली पाहिजेत.

पण रोज सकाळी पाण्यावर फेस.

"टाकी साबणाने धुतलीस?" मी विचारलं.

"मी? तुमचाच हात गेला असेल."

मग घरकामात आपलाही हातभार म्हणून मी तो फेस गाळणीने अलगद काढू लागलो. मासा माझ्याकडे रोखून बघायचा. मला वाटायचं, आभार मानतोय.

पाचव्या दिवशी शनिवार पेठेतल्या ज्या दुकानातून लेकीने हा घेतला होता, तिथल्या मासेवाल्याकडे तक्रार घेऊन गेलो. "तुमचा नर नुसते बुडबुडे सोडतो. बदलून द्या."

त्याने मानही वर केली नाही. "बुडबुड्यांचं काय करता?"

"रोज काढून टाकतो."

"आपण बिल्डर का?"

"नाही, बँकेत होतो."

"मग दुसऱ्याचं घर पाडायची सवय कुठून लागली? अहो, घरटं आहे ते. अंडी त्यातच राहतात. अंडी झाली की मादीला काढा, पुढचं तो एकटा बघतो."

घरी येऊन कबुली दिली. बायकोने गाळणी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. दोन दिवस मी चहा फडक्याने गाळला.

तोवर घरटं पुन्हा उभं राहिलं. आम्ही काच काढली. थोडी पळापळ झाली, मग नराने मादीभोवती स्वतःला गुंडाळून घेतलं. तो सुटला की पांढरे कण खाली पडत आणि तो एकेक तोंडात झेलून फेसात नेऊन ठेवी. सगळं आटोपल्यावर मादीला आम्ही बरणीत हलवलं.

बायको टाकीसमोर खुर्ची टाकून बसली. यातलं काही जगेल का, एवढंच विचारत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी फेसाखाली धाग्याएवढ्या शेपट्या लोंबत होत्या. एक पिल्लू निसटलं, बुडू लागलं. बाप खाली झेपावला, पिल्लू तोंडात धरून वर गेला आणि त्याने ते फेसात परत लावलं. लगेच दुसरं पडलं. मग तिसरं. ना खाणं, ना विश्रांती.

बायकोचे डोळे पाणावले. आता ही काहीतरी हळवं बोलणार म्हणून मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, बघा जरा!" ती म्हणाली. "आपली लेक तान्ही असताना रडायला लागली की तुम्ही दूध आणायला पळायचात, आणि इकडे घरात दूध उतू जात असायचं!"