डाव्या बाहीचं बटण

समोर त्याला सगळे साहेब म्हणायचे आणि पाठ फिरली की इस्त्री. कपडे तसे, चेहरा तसा आणि बोलणंही तसंच, कुठे म्हणून सुरकुती नाही. शहरातल्या सगळ्यात महागड्या फ्रेंच हॉटेलात त्यानं एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अठरा कॅप्टन म्हणून. कॅप्टन म्हणजे वेटरांचा मुकादम. दारात उभं राहायचं, गिऱ्हाईक आलं की वाकून नमस्कार करायचा आणि वाकता वाकता त्याचे बूट बघून घ्यायचे. बुटांवरून माणूस कळतो, असं तो म्हणायचा.

एखादा निवृत्त झाला की 'माणूस तसा वाईट नव्हता हो' म्हणायची पद्धत आहे. म्हणणारे म्हणोत, आपण कशाला म्हणायचं.

एकोणिसाव्या वर्षी तो तिथे प्लेटा पुसायला लागला. दोन वर्षांनी वेटर झाला आणि पहिल्याच आठवड्यात एका पदार्थाचं फ्रेंच नाव चुकीचं बोलला. टेबलावरचे तिघेही हसले. त्यातल्या एकानं त्याच्याकडून ते नाव पाच वेळा म्हणून घेतलं, शेजारच्या टेबलावरच्यांनाही ऐकवलं. त्यानंतर हा पठ्ठ्या सहा महिने आरशासमोर उभा राहून अख्खं मेनूकार्ड घोकत होता. फ्रेंचमध्ये साधं 'पाणी द्या' म्हणता यायचं नाही, पण बदकाचे सात प्रकार तोंडपाठ. स्वतः पोळलेला माणूस पुढे दुसऱ्याला जपतो म्हणतात. असतीलही तशी माणसं. हा त्यातला नव्हता. चटका कसा बसतो ते कळल्यावर हा तो द्यायला शिकला.

मालकाला एकच काळजी असायची. हॉटेलात कोणीही सोम्यागोम्या यायला लागला तर बडी गिऱ्हाइकं तुटतील. पण दाराला तशी पाटी कशी लावणार? त्यावर इस्त्रीनं तोडगा काढला. एखाद्यानं मेनूकार्डावर बोट ठेवून "हे काय असतं?" विचारलं, कोणी मोठ्यानं हसलं, कोणी काटा सोडून चमचा मागितला, की हा डाव्या बाहीचं बटण दोनदा चाचपायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, काय टापटिपीचा माणूस आहे. वेटरांना कळायचं, हे टेबल पुन्हा इथे दिसता कामा नये.

मग काय व्हायचं? तसं बघायला गेलं तर काहीच नाही. ग्लासातलं पाणी संपलं तरी कोणी भरायचं नाही. काटा खाली ठेवला रे ठेवला की प्लेट उचलली जायची. ब्रेडची टोपली दिसेनाशी व्हायची. विचारलेल्याला एका शब्दात उत्तर, तेही हसून. आणि शेवटी "अजून काही?" अशा सुरात, की माणसानं निमूटपणे उठावं.

"अपमान करायचा नाही," तो नव्या वेटरांना शिकवायचा. "अपमान केला तर माणूस भांडतो. त्याला वाटलं पाहिजे, आपलंच काहीतरी चुकलं. मग तो परत येत नाही आणि बाहेर कोणाला सांगतही नाही." आणखी दोन नियम होते. खूण झालेल्या टेबलाशी नजर मिळवायची नाही, नजर मिळाली की ते काहीतरी मागतात. आणि खूण एकदा झाली की झाली, परत घेता येत नाही. त्याच्या हाताखाली एक उंच वेटर होता, सगळे त्याला उंच्याच म्हणत. त्यानं एकदा धीर करून विचारलं होतं, "साहेब, त्या सहा नंबरवरच्या बाप-लेकीची चूक काय झाली?" मुलगी परीक्षेत पहिली आली म्हणून बाप तिला घेऊन आला होता, आणि त्यानं बदक हातानं मोडलं होतं. मुलगी शेवटची पंधरा मिनिटं मान खाली घालून बसली होती. इस्त्रीनं त्यावर महिनाभर त्याला पॅन्ट्रीच्या दाराशी उभं केलं, दार उघडायला आणि लावायला.

आता घरचं. घरी बायको. ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर होती. सत्तर मशिनी एका हॉलमध्ये, दिवसभर खडखडाट. तिथे शेजारणीला "दोरा दे" म्हणायचं तरी ओरडावं लागतं. सव्वीस वर्षांत तिचा एक कान अधू झाला आणि आवाज जो चढला तो चढलाच. घरी ती 'मीठ कमी झालंय का' म्हणाली तरी वरच्या मजल्यावर कळायचं. नवऱ्याला शिफ्टमधून आल्यावर अर्ध्या रात्री गरम जेवण, सकाळी कडक शर्ट, हे सगळं तिनं त्याच आवाजात, हसत हसत निभावलं. ती हौशी बाई होती, आणि तिची हौस एकच. नवरा जिथे जातो ते हॉटेल आतून बघायचं. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला ती विचारायची आणि दर वर्षी तो म्हणायचा, "तिथे आपलं काय काम?" तो गिऱ्हाइकांचे किस्से सांगायचा तेव्हा ती हमखास विचारायची, "पण जाताना खूश होती का हो माणसं?"

"सगळे खूशच जातात," तो म्हणायचा.

त्या हॉटेलात एक रीत होती. निवृत्त होणाऱ्याला एक दिवस दुपारचं जेवण जोडीनं, टेबलावर बसून, गिऱ्हाइकासारखं. आता नाही म्हणायला जागाच उरली नाही. बायकोनं निळं कापड आणून दोन रविवारांत स्वतःसाठी झकास पोशाख शिवला. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर उकडलेला बटाटा घेऊन काटा-सुरीचा सराव केला. बाहेरचा काटा आधी, आतला नंतर. नॅपकिन मांडीवर. तो मास्तरासारखा समोर बसून चुका काढायचा आणि ती शाळकरी पोरीसारखी मान डोलवायची. "तुमच्या माणसांपुढे तुमची मान खाली जायला नको," ती म्हणाली. बाईला दुसरं काही नको होतं. एक दुपार नवऱ्याच्या जगात पाहुणी म्हणून बसायचं आणि नीट बसायचं, बास.

आणि खरं सांगायचं तर तिनं ते छान जमवलं. उंच्या आता त्याच्या जागी कॅप्टन झाला होता. त्यानं दोघांना खिडकीजवळचं टेबल दिलं, तिची खुर्ची स्वतः मागे ओढली. "काकू, एवढी वर्षं तुमच्याबद्दल फक्त ऐकत होतो," तो म्हणाला. ती लाजली. वेटर एकेक करून येऊन भेटून गेले. कांद्याचं सूप आलं, ते तिनं आवाज न करता संपवलं. ब्रेडचा तुकडा मोडून, लोणी लावून, असा खाल्ला की इस्त्रीलाच नवल वाटलं. तोच खरं म्हणजे अवघडून बसला होता. खुर्चीत पाठ टेकवायची सवय नाही. चार नंबरवर पाणी संपलंय, नऊ नंबरचा टेबलक्लॉथ एका बाजूला लोंबतोय, याचं सगळं लक्ष तिकडे. समोर बायको बसलीय याचा त्याला मधूनमधून विसर पडत होता.

मग बदक आलं. तिनं सुरीनं बरोबर कापलं, काट्यानं तोंडात घातलं आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा ती इतकी खूश होती की आवाज सांभाळायचं राहून गेलं.

"अहो, हे असलं रोज डोळ्यांसमोर असायचं आणि घरी येऊन माझ्या हातचं मुकाट्यानं खायचात? धन्य आहे तुमची."

आणि हसली, कारखान्यात हसायची तशी. सगळा हॉल वळून बघायला लागला. शेजारच्या टेबलावरच्या एका बाईनं भुवई वर केली, आणि ती भुवई इस्त्रीनं पाहिली. पुढचं त्यानं केलं की झालं, देव जाणे. उजवा हात उठला आणि डाव्या बाहीचं बटण चाचपलं. एकदा. दोनदा. ते बटण सैल झालं होतं म्हणून तिनंच सकाळी दोरा घालून पक्कं करून दिलं होतं.

जित्याची खोड म्हणतात ती हीच.

हात खाली आला तेव्हा त्याला कळलं. त्यानं वर पाहिलं. भिंतीशी उभ्या उंच्यानं ते बघितलं होतं. क्षणभर उंच्याच्या कपाळाला आठी पडली, म्हणजे खरंच का, अशी. मग आठी गेली आणि त्यानं त्यांच्या टेबलाच्या दोघा वेटरांकडे बघून हलकेच मान डोलावली.

बायको अजून बोलत होती. "यांना विचारा ना, ही चटणीसारखी गोष्ट कशाची केलीय." जवळून जाणाऱ्या वेटरला तिनं हाक मारली. तो थांबला, हसला, "संत्र्याची," म्हणाला आणि गेला. तिनं घास घेऊन काटा टेकवला तोच मागून एक हात आला आणि अर्धं बदक उचलून घेऊन गेला. "अहो, माझं व्हायचंय अजून," ती म्हणाली, पण हात पोहोचला होता पॅन्ट्रीत. ब्रेडची टोपलीही गेली. तिचा ग्लास रिकामा होता. ती ग्लासाकडे बघत राहिली, मग तिनं तो थोडा पुढे सरकवला, की कोणाच्या लक्षात येईल.

इस्त्रीला पुढचं पाऊल कोणतं आणि किती मिनिटांनी हे पाठ होतं. ते सगळं त्याचंच होतं. त्यानं उंच्याशी नजर मिळवायचा प्रयत्न केला. उंच्या त्याच्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघत होता. शेवटी तो उठला, "आलोच," म्हणाला आणि पॅन्ट्रीच्या दाराशी गेला.

"अरे, ते चुकून झालं. हाताची सवय."

"साहेब," उंच्या अगदी अदबीनं म्हणाला, "खूण परत घेता येत नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"बायको आहे माझी."

"हो ना. आम्हालाही नवल वाटलं." उंच्यानं दाराला हात लावला. "पाहुण्यांनी इकडे यायचं नसतं साहेब. बसून घ्या."

अजूनही एक वाट होती. हॉलच्या मध्ये उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, ही माझी बायको, हिचं काही चुकलेलं नाही, चुकलं ते माझं. चार वाक्यं सुद्धा नव्हती. पण मग सगळ्या हॉलनं याच्याकडे वळून बघितलं असतं. तो परत येऊन खुर्चीत बसला आणि त्यानं नॅपकिन मांडीवर सारखा केला.

निळ्या पोशाखाची बाही तिनं मनगटापर्यंत ओढून घेतली होती आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. गोडाचं मेनूकार्ड कोणी आणलंच नाही. उंच्या आला, वाकला आणि विचारलं, "अजून काही?" सूर अगदी बरोबर लागला होता, अठरा वर्षांत इस्त्रीला स्वतःलाही इतका चांगला लागला नसेल. बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं, आपण काय म्हणायचं ते त्याच्या चेहऱ्यावर शोधलं आणि म्हणाली, "नको, पुरे झालं. छान होतं हो सगळं." इतक्या हळू की उंच्याला वाकून ऐकावं लागलं.

बाहेर दुपारचं ऊन होतं. बसथांब्यावर दोघांशिवाय कोणी नव्हतं. ती रस्त्याकडे बघत होती. मग म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं ना?"

त्यानं बस येते का ते बघायला मान वळवली.

"आधी किती चांगले वागत होते सगळे. मधेच काहीतरी झालं. काय केलं मी? सांगा तरी. पुन्हा करणार नाही."

सांगायला त्याला जिभेवर एकच वाक्य आणायचं होतं. त्यानं बाही नीट केली, घसा साफ केला.

"आवाज," तो म्हणाला. "आवाज फार चढला तुझा."

तिचा चेहरा पडला. "हो," ती म्हणाली. "हो, खरंच की. लक्षातच राहिलं नाही माझ्या. आठवडाभर काटा-सुरी घोकली आणि आवाजाचं विसरले." तिनं डोळे पुसले. "एकतीस वर्षं तुम्ही तिथे मान ताठ ठेवून काढलीत आणि ती मी एका दुपारी वाया घालवली. मला माफ करा हो."

बस येताना दिसली. त्यानं हात दाखवून ती थांबवली, तिला आधी चढू दिलं आणि पाठीवर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे. केलं माफ."